तानपुऱ्यामागची सूं

तानपुऱ्याची खर्जाची तार छेडली की तिचा आवाज एकदम संपत नाही. जवारी नीट लागलेली असेल तर तो उलगडत जातो, पातळ होत जातो, आणि नेमका कुठे संपला हे कानाला सांगता येत नाही. धाकट्या बहिणीच्या रियाजासाठी मी हा आवाज रेकॉर्ड करायला घेतला, तेव्हा त्याचा हा विझत जाणारा भागच ऐकू येईना. त्यावर एक सपाट ‘सूंऽऽ’ पसरली होती आणि तिच्या तळाशी ‘घूं’ होती. माइकचा प्रीअॅम्प मी घरीच बनवला होता. त्यात इलेक्ट्रेट कॅप्सूल, एनई ५५३२ हा ऑप-अॅम्प, एक ट्रान्सफॉर्मर आणि पॉवर सप्लायमध्ये नेहमीचे तीन पायांचे रेग्युलेटर होते. ऑप-अॅम्पला ७८१२ आणि ७९१२, तर माइकच्या कॅप्सूलला पाच व्होल्टवर लावलेला एलएम ३१७.

अशा वेळी कुणीही जाणकार सांगतो, ‘लो-नॉइज रेग्युलेटर लाव.’ सल्ला चुकीचा नाही, पण अर्धा आहे. कोणता रेग्युलेटर लावायचा हे रेग्युलेटरच्या डेटाशीटवरून ठरत नाही. ज्या सर्किटला तो वीज पुरवणार, ते सर्किट त्या पुरवठ्यातली खळबळ किती आत घेतं यावरून ठरतं. तो हिशेब मी आधी केला नव्हता. तो करायला बसलो तेव्हा सूं आणि घूं ही दोन वेगळी दुखणी निघाली, आणि दोघांपैकी एकालाही महागडी आयसी लागली नाही.

रेग्युलेटरचं काम टाकीच्या कॉकवर हात ठेवून बसलेल्या माणसासारखं असतं. टाकीत पातळीची एक खूण आहे. पाणी खाली गेलं की तो कॉक उघडतो, वर आलं की आवळतो. ही खूण म्हणजे आयसीच्या पोटातला संदर्भ-व्होल्टेज. आता ती खूणच सतत थरथरत असेल, तर माणूस कितीही दक्ष असला तरी पातळीही थरथरणार. रेग्युलेटरची स्वतःची सूं प्रामुख्याने इथे जन्माला येते.

ही खूण बहुतेक आयसींमध्ये ‘बँडगॅप’ पद्धतीने तयार होते. सिलिकॉन ट्रान्झिस्टरच्या बेस आणि एमिटर यांच्यातलं व्होल्टेज दर अंश सेल्सियसमागे साधारण २ मिलिव्होल्टने घसरतं. वेगवेगळ्या करंट-घनतेवर चालणाऱ्या दोन ट्रान्झिस्टरांच्या व्होल्टेजमधला फरक मात्र तापमानाबरोबर वाढतो. घसरणारं आणि वाढणारं योग्य प्रमाणात जोडलं की सुमारे १.२ व्होल्टचा असा दाब मिळतो, जो उन्हाळ्या-हिवाळ्यात फारसा हलत नाही. नॅशनल सेमीकंडक्टरमध्ये बॉब विडलर यांनी १९७०च्या सुमारास ही कल्पना प्रत्यक्ष आयसीत उतरवली. तीन पायांच्या रेग्युलेटरच्या एका टोकाला वाटेल तशी वीज द्यावी आणि दुसऱ्या टोकाला शांत पाच व्होल्ट मिळावेत, ही आज आपल्याला सहज वाटणारी सोय तिथून आली. यात एक किंमत मोजावी लागते. दोन ट्रान्झिस्टरांमधला तो फरक काही दहा मिलिव्होल्टचाच असतो. तो उपयोगी पडावा म्हणून साधारण दहापट मोठा करावा लागतो, आणि त्याच्यासोबत त्यातली खळबळही दहापट होते. पुढे १.२५ व्होल्टचे पाच किंवा बारा व्होल्ट करताना ती आणखी वाढते.

आता आकडे. ७८०५च्या डेटाशीटमध्ये आउटपुटचा नॉइज ४० मायक्रोव्होल्ट दिलेला असतो. ७८१२चा ७५, ७८१५चा ९०. एलएम ३१७च्या डेटाशीटमध्ये मायक्रोव्होल्ट नाहीतच, ‘आउटपुट व्होल्टेजच्या ०.००३ टक्के’ असं लिहिलेलं असतं. पाच व्होल्टचे ०.००३ टक्के म्हणजे १५० मायक्रोव्होल्ट. ३१७ हा ७८०५पेक्षा चांगला, असं मी वर्षानुवर्षं ऐकत आलो होतो आणि त्या समजुतीनेच माइकला ३१७ लावला होता.

हे दोन आकडे शेजारी ठेवतानाही सावध राहावं लागतं. ७८०५चे ४० मायक्रोव्होल्ट १० हर्ट्झपासून १०० किलोहर्ट्झपर्यंतचे आहेत, तर ३१७चा आकडा १० किलोहर्ट्झपर्यंतचाच. नॉइज सगळीकडे सारखा पसरलेला धरला तर तो पट्ट्याच्या रुंदीच्या वर्गमुळाप्रमाणे वाढतो. दहापट रुंद पट्ट्यात सुमारे तिप्पट नॉइज. म्हणजे ३१७ इथे दिसतो त्याहूनही मागे पडतो. डेटाशीट वाचताना नॉइजचा आकडा दिसला की लगेच शेजारी कुठला पट्टा लिहिला आहे ते पाहावं. तो न पाहता केलेली तुलना मला निरर्थक वाटते.

३१७वर एक जुना आणि नामी उपाय आहे. त्याच्या ‘अॅडजस्ट’ पायापासून ग्राउंडपर्यंत १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावायचा. स्थिर व्होल्टेजसाठी आयसी आपला संदर्भ चौपट करतच राहते, पण कानाला ऐकू येणाऱ्या वेगाच्या खळबळीसाठी तो पाय जणू ग्राउंडलाच बांधला जातो. मग संदर्भाची थरथर एकपटच बाहेर येते. १.२५ व्होल्टचे ०.००३ टक्के म्हणजे सुमारे ३८ मायक्रोव्होल्ट. शिवाय इनपुटवरचा रिपल, म्हणजे पुरवठ्यातला चढउतार, अडवण्याची ताकद ६५ डेसिबलवरून ८० डेसिबलवर जाते. हा कपॅसिटर लावला की अॅडजस्ट आणि आउटपुट यांच्यामध्ये एक संरक्षक डायोडही टाकावा, म्हणजे आउटपुट अचानक शॉर्ट झालं तर कपॅसिटरमधली वीज आयसीच्या पोटातून वाहत नाही.

पण माझ्या माइकला ३८ मायक्रोव्होल्टही परवडणार होते का? नेहमीचा इलेक्ट्रेट कॅप्सूल ९४ डेसिबलच्या आवाजाला, म्हणजे एक पास्कल दाबाला, सुमारे १० मिलिव्होल्ट देतो. त्याची स्वतःची सूं त्याच्यापेक्षा ६० डेसिबल खाली, म्हणजे १० मायक्रोव्होल्ट धरू. विझत आलेला तानपुरा माइकपाशी ४० डेसिबलचा धरला तर सिग्नल होतो सुमारे २० मायक्रोव्होल्ट. आणि या कॅप्सूलची जोडणी अशी असते की आतल्या फेट ट्रान्झिस्टरला २.२ किलोओहमच्या रेझिस्टरमधून वीज मिळते आणि सिग्नलही त्याच बिंदूवरून उचलला जातो. फेट करंट जवळजवळ स्थिर ठेवतो, त्यामुळे रेझिस्टरच्या वरच्या टोकाला पुरवठ्यात जे काही हलतं ते जवळपास जसंच्या तसं खालच्या टोकाला, म्हणजे सिग्नलमध्ये उतरतं. वीस मायक्रोव्होल्टच्या तानपुऱ्यावर दीडशे मायक्रोव्होल्टची सूं! तो शेवटचा भाग कुठे हरवला होता याचं उत्तर कागदावरच मिळालं.

आता कमी नॉइजची आयसी आणता आली असती. त्याऐवजी मी एक किलोओहमचा रेझिस्टर आणि ४७० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आणला. रेग्युलेटरनंतर रेझिस्टर, त्यानंतर ग्राउंडकडे कपॅसिटर, आणि तिथून पुढे कॅप्सूलचा २.२ किलोओहम. हा फिल्टर साधारण एक तृतीयांश हर्ट्झपासून अडवायला लागतो. १०० हर्ट्झवर खळबळ जवळजवळ ३०० पटींनी कमी होते, हजार हर्ट्झवर ३००० पटींनी. दीडशे मायक्रोव्होल्टमधलं जे उरतं ते माइकच्या स्वतःच्या नॉइजपुढे मोजण्यासारखंही नसतं. कॅप्सूल अर्धा मिलिअँपिअर घेतो, म्हणजे रेझिस्टरमध्ये अर्धा व्होल्ट पडतो. त्याने काही बिघडत नाही. करंट कमी आणि जवळपास स्थिर असेल तिथे या दोन सुट्या भागांइतकं चांगलं काही मला माहीत नाही. करंट बदलणाऱ्या सर्किटला मात्र हा उपाय चालत नाही, कारण रेझिस्टरमागे व्होल्टेजही हलतं.

दुसऱ्या टोकाला ऑप-अॅम्प. त्याच्यासाठी ७८१२ बदलायचा का? एनई ५५३२च्या डेटाशीटमध्ये पुरवठ्यातली खळबळ अडवण्याची क्षमता साधारण १०० डेसिबल दिली आहे, म्हणजे लाखातला एक भाग आत शिरतो. वरच्या फ्रिक्वेन्सीला ही क्षमता घसरते, म्हणून अगदी कंजूषपणे ६० डेसिबलच धरू; हजारातला एक भाग. ७८१२चे ७५ मायक्रोव्होल्ट तरीही इनपुटपाशी ०.०७५ मायक्रोव्होल्टच होतात. एनई ५५३२ची स्वतःची सूं वीस किलोहर्ट्झच्या पट्ट्यात सुमारे ०.७ मायक्रोव्होल्ट आहे, म्हणजे जवळजवळ दहापट. इथे दहा-वीस रुपयांच्या ७८१२च्या जागी शेकडो रुपयांची आयसी लावून कानाला काहीही फरक पडणार नाही. हौशी मंडळी सगळ्यात जास्त पैसे नेमके इथे घालवतात, याचं मला मनापासून वाईट वाटतं. तोच पैसा चांगल्या माइकला किंवा चांगल्या पेटीला लागला असता.

रेग्युलेटरच्या सुधारणेत हौशी लोकांच्या वर्तुळात फार मोठं काम झालेलं आहे, हेही सांगायला हवं. वॉल्ट जुंग यांनी १९९५मध्ये ‘द ऑडिओ अॅमॅच्युअर’ या अमेरिकी नियतकालिकात लेखमाला लिहून शांत संदर्भ, वेगवान ऑप-अॅम्प आणि बाहेरचा ट्रान्झिस्टर यांचा रेग्युलेटर मांडला, तो आजही ‘सुपर रेग्युलेटर’ म्हणून बांधला जातो. त्यातली शिस्त शिकण्यासारखी आहे, विशेषतः व्होल्टेज रेग्युलेटरच्या पायाशी न मोजता सर्किटच्या पायाशी मोजायचं ही. ज्या प्रीअॅम्पमध्ये सुटे ट्रान्झिस्टर किंवा फेट असतात आणि पुरवठ्यातली खळबळ अडवायला ऑप-अॅम्पसारखी सोय नसते, तिथे या मेहनतीचं चीज होतं.

सूं गेली, घूं राहिली. घूंचा स्वर ओळखीचा होता. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची. डायोडच्या ब्रिजने दोन्ही अर्ध्या लाटा सरळ केल्या की कपॅसिटर सेकंदाला शंभर वेळा भरतो. म्हणजे पॉवर सप्लायमधून येणारी घूं १०० हर्ट्झची असते. ५० हर्ट्झची असेल तर ती बहुधा ट्रान्सफॉर्मरच्या चुंबकीय क्षेत्रातून किंवा उघड्या वायरमधून हवेतून आलेली असते. रेकॉर्डिंग कॉम्प्युटरवर घेऊन स्पेक्ट्रम पाहिला की हे एका मिनिटात कळतं. माझी १००ची होती, सोबत २००, ३००ची भावंडंही.

मग मी जे काम अगदी पहिल्यांदा करायला हवं होतं ते केलं. नऊ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या आणल्या, ट्रान्सफॉर्मर-रेग्युलेटर सगळं सोडवलं आणि ऑप-अॅम्प थेट बॅटरीवर चालवला. घूं नाहीशी. नॉइजची तक्रार घेऊन कुणी माझ्याकडे आलं की आता मी आधी हीच परीक्षा सांगतो. बॅटरीवरही आवाज तसाच असेल तर रेग्युलेटर बदलून उपयोग नाही. दोष सर्किटमध्ये, माइकमध्ये किंवा जोडणीत आहे. बॅटरीवर गेला तर पुरवठ्याकडे बघावं. साधा मल्टिमीटर इथे कामाचा नाही, कारण काही मायक्रोव्होल्ट त्याच्या शेवटच्या अंकाच्याही खाली असतात.

पुरवठ्याकडे पाहिलं तर रेग्युलेटर निर्दोष होता. दोष होता ग्राउंडच्या एका दहा सेंटिमीटर वायरचा. ट्रान्सफॉर्मरमधून मोठ्या कपॅसिटरमध्ये वीज सलग जात नाही, लाटेच्या शेंड्यावर झटक्याने जाते. सर्किट सरासरी शंभर मिलिअँपिअर घेत असलं तरी तो झटका सहज अँपिअरभराचा असतो. अर्धा चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या वायरचा रोध मीटरमागे सुमारे ३४ मिलिओहम, म्हणजे दहा सेंटिमीटरला ३.४. एक अँपिअरचा झटका तिच्यातून गेला की दोन टोकांत ३.४ मिलिव्होल्टचा फरक, सेकंदाला शंभरदा. मी माइकचं ग्राउंड त्या वायरच्या एका टोकाला आणि ऑप-अॅम्पचं दुसऱ्या टोकाला जोडलं होतं. ज्या ७८०५च्या ४० मायक्रोव्होल्टांबद्दल एवढी चर्चा होते, त्याच्या ऐंशीपट खळबळ मी स्वतःच्या सोल्डरिंगने सिग्नलमध्ये घातली होती. ब्रिज, ट्रान्सफॉर्मर आणि मोठा कपॅसिटर यांचा फेरा आपल्यातच बंद ठेवला, कपॅसिटरच्या पायापासून एकच वायर पुढे नेली, आणि रेग्युलेटर, माइक, ऑप-अॅम्प यांची ग्राउंडं त्या पुढच्या एका बिंदूवर आणून जोडली. घूं गेली.

गावी चुलत्यांकडे हाच प्रीअॅम्प नेला तेव्हा संध्याकाळी पुन्हा १०० हर्ट्झचा कर्कश बझ सुरू झाला, आणि रात्री उशिरा आपोआप थांबला. शिवारातले पंप सुरू असताना लाइटीचा दाब १८० व्होल्टपर्यंत उतरत होता. माझा ट्रान्सफॉर्मर १२-०-१२ होता. २३० व्होल्टला त्याचा शेंडा सुमारे १७ व्होल्ट, डायोडचे ०.७ वजा केले तरी १६च्या वर. १८० व्होल्टला तोच शेंडा १३.३वर येतो, आणि डायोड वजा जाता १२.६. त्यातही कपॅसिटर दोन झटक्यांच्या मध्ये रिकामा होत असतो: १०० मिलिअँपिअर आणि २२०० मायक्रोफॅरड असतील तर जवळजवळ अर्धा व्होल्ट. ७८१२ला बारा व्होल्ट देण्यासाठी किमान १४ लागतात. त्याखाली तो रेग्युलेटर राहतच नाही, इनपुटचा रिपल तसाच पुढे ढकलतो. १५-०-१५चा ट्रान्सफॉर्मर लावला आणि १८० व्होल्टलाही इनपुट १५च्या वर राहिलं. बदल्यात दाब २५० झाला की रेग्युलेटरवर दहा-अकरा व्होल्ट पडतात, म्हणजे शंभर मिलिअँपिअरला एक वॅटहून जास्त उष्णता. छोटा हीटसिंक लागतो. ७९१२च्या धातूच्या पाठीवर ग्राउंड नसून इनपुटचं ऋण व्होल्टेज असतं, म्हणून ७८१२ आणि ७९१२ एकाच हीटसिंकवर अभ्रकाशिवाय कधीही कसू नयेत. पायांचा क्रमही दोघांचा वेगळा आहे.

कमी व्होल्टेज-फरकावर चालणाऱ्या ‘एलडीओ’ जातीच्या आयसींचा खरा फायदा इथे दिसतो. त्या कपॅसिटरच्या बाबतीत मात्र हट्टी असतात. काहींना आउटपुटला सिरॅमिक चालतो, काहींना थोडा अंतर्गत रोध असलेला टँटलम किंवा इलेक्ट्रोलिटिकच लागतो. चुकीचा लावला तर रेग्युलेटर स्वतःच ऑसिलेट होतो. ३१७लाही आउटपुटवर साधा इलेक्ट्रोलिटिक मानवतो. त्याचं आउटपुट इंडक्टरसारखं वागतं, आणि फार कमी रोधाचा कपॅसिटर त्याच्याशी जोडी जमवून एखाद्या फ्रिक्वेन्सीवर नॉइजचा उंचवटा तयार करतो. महाग फिल्म कपॅसिटर लावून आवाज बिघडल्याचं कारण कधी कधी हेच असतं.

मोबाइलच्या चार्जरवर किंवा अॅडॉप्टरवर चालणाऱ्या सर्किटांची गोष्ट निराळी. त्यांची खळबळ दहा हजारांपासून लाखो हर्ट्झपर्यंत असते, आणि १०० हर्ट्झला ८० डेसिबल अडवणारे जुने रेग्युलेटर तिथे जवळजवळ उघडं दार होतात. रेग्युलेटरच्या आधी छोटा इंडक्टर आणि कपॅसिटर लावून ती आधीच मारावी. ग्राउंडमधून येणारी गळती मात्र कुठलाही रेग्युलेटर थांबवू शकत नाही. संवेदनशील माइकसाठी मी अजून जुना लोखंडी ट्रान्सफॉर्मरच वापरतो.

आणि मग ज्यांची एवढी कीर्ती आहे त्या आयसी कुठे लावायच्या? एलएम ३१७ घडवणाऱ्या बॉब डॉबकिन यांनी १९८१मध्ये सहकाऱ्यांबरोबर लिनिअर टेक्नॉलॉजी स्थापन केली. २००७मध्ये त्या कंपनीने एलटी ३०८० आणली, आणि तिच्यात रचनाच उलटी केली. पोटात संदर्भ-व्होल्टेज नाही, संदर्भ-करंट आहे. तो बाहेरच्या एका रेझिस्टरमधून वाहतो, रेझिस्टरवर जे व्होल्टेज पडेल तेच आयसी एकास एक पुढे देते. गुणाकारच नसल्यामुळे व्होल्टेज वाढवलं म्हणून नॉइज वाढत नाही, आणि त्या रेझिस्टरला कपॅसिटर लावला की संदर्भाची थरथरही गाळली जाते. याच वाटेने पुढे आलेल्या एलटी ३०४५चा नॉइज १० हर्ट्झ ते १०० किलोहर्ट्झमध्ये ०.८ मायक्रोव्होल्ट आहे. हर्ट्झच्या वर्गमुळामागे सुमारे २ नॅनोव्होल्ट. खोलीच्या तापमानाला २५० ओहमचा साधा रेझिस्टर टेबलावर नुसता पडून असतानाही एवढीच खळबळ करतो! शिवाय दहा लाख हर्ट्झवरही ती इनपुटची खळबळ ७६ डेसिबलने अडवते, म्हणून अॅडॉप्टरच्या मागे ती शोभते. मला ही रचना फार सुंदर वाटते.

तिची जागा आहे डॅकच्या, म्हणजे डिजिटल आकड्यांचं व्होल्टेज करणाऱ्या आयसीच्या, संदर्भ-पायावर आणि क्रिस्टल ऑसिलेटरवर. डॅकचं आउटपुट संदर्भाच्या प्रमाणात असतं, त्यामुळे संदर्भ हलला की गाणंच हलतं; ऑसिलेटरच्या पुरवठ्यातली थरथर ठोक्यांच्या वेळेत उतरते. तिथेही ३.३ व्होल्ट आणि थोडा करंट पुरत असेल तर एलपी ५९०७ ही स्वस्त आयसी ६.५ मायक्रोव्होल्टच्या आत काम करते. पंधरा-सोळा व्होल्टच्या पुढे, अँपिअरभर करंटला टीपीएस ७ए४७०० आहे, ४ मायक्रोव्होल्टची. एलटी ३०४५ तीन मिलिमीटरच्या चौकोनात येते, पोटाखालचा तांब्याचा पट्टा हातातल्या सोल्डरिंग आयर्नने नीट लागत नाही. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत बसवलेलं मॉड्यूल मिळालं तर ते घ्यावं, पण सर्किटमध्ये घालण्याआधी लोड देऊन तपासावं.

माझ्या प्रीअॅम्पमध्ये आजही ७८१२, ७९१२ आणि ३१७च आहेत. तानपुऱ्याचा शेवट आता ऐकू येतो, आणि त्याच्याही मागे एक बारीक सूं उरते. ती कॅप्सूलच्या आतल्या फेटची, त्या १० मायक्रोव्होल्टांची आहे. बॅटरीवर चालवलं तरी ती तेवढीच राहते. ती कमी करायला मोठ्या पडद्याचा कॅप्सूल लागेल. तो मागवला आहे.